अडतीस गुणांचा आवाज

माझ्या बायकोच्या आवाजाला अडतीस गुण पडले, तेव्हा मला आधी हेवा वाटला. माझ्या आवाजाला अडीच पडले होते.

हे गुण आमच्या मुलीनं दिलेले नव्हते, निदान जाणूनबुजून तरी नव्हते. त्रिशला पोर्तुगालमध्ये, पोर्टो नावाच्या शहरात राहते. तिच्या मनगटावरच्या पट्ट्यानं नव्वद दिवस तिचं अंग वाचलं आणि तिच्या जिवाची ओढ कुठल्या देशाकडं किती, याचा अहवाल काढला. शंभरातले एकसष्ट भारताकडं, एकोणचाळीस पोर्तुगालकडं. एकसष्टचा तपशील खाली दिला होता. आईचा आवाज, अडतीस. सांगलीचं घर, बँकेतलं खातं आणि विमा मिळून साडेनऊ. कृष्णेचा घाट, भडंग, जैन बस्तीतली, म्हणजे आमच्या मंदिरातली, घंटा असलं किरकोळ मिळून अकरा. आणि सगळ्यात खाली, टोपलीच्या तळाला उरलेल्या भाजीसारखा, वडिलांचा आवाज.

"आप्पा, हसताय काय?" त्रिशलानं पडद्यावरून विचारलं.

"हसत नाही. बेरीज तपासतोय."

"बेरीज बरोबर आहे. मी बुडाले का, एवढं सांगा."

बेरीज बरोबर होती. मी भूपाल मगदूम, सांगलीत चौतीस वर्षं सीए म्हणून काम करतोय. परदेशात राहणाऱ्यांचं उत्पन्न हाच माझा विषय, त्यामुळं पोरगी बुडाली म्हणजे किती खोल बुडाली हे मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं.

थोडं समजावून सांगावं लागेल. माणूस ज्या देशाचा रहिवासी, त्या देशाला त्याच्या जगभरच्या कमाईवर कर घेता येतो. पूर्वी रहिवास दिवसांवर ठरायचा. वर्षातले अमुक दिवस इथं काढले की इथला. पण माणसं चार देशांत राहून पाचव्या देशातलं काम करायला लागली तेव्हा दिवस मोजण्यात अर्थ उरला नाही. दोन्ही देश एकाच माणसावर हक्क सांगायला लागले की तोडगा काय, यासाठी करारांत एक जुनं वाक्य होतं: माणसाचे वैयक्तिक आणि आर्थिक संबंध ज्या देशाशी अधिक जवळचे, त्या देशाचा तो. जिव्हाळ्याचं केंद्र म्हणायचे त्याला. शंभर वर्षं हे केंद्र अधिकारी अंदाजानं शोधत आले. दाताचा डॉक्टर कुठला, वर्गणी कुठल्या क्लबाची, कुत्रं कुठं बांधलंय, असले प्रश्न विचारायचे. मी स्वतः एकदा एका गिऱ्हाइकाच्या म्हशीवर तीन पानं युक्तिवाद केला होता आणि जिंकलो होतो.

मग हा पट्टा आला. तो मुळात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी केला होता. नाव विसरलेला म्हातारा आपल्या माणसाचा आवाज ऐकला की आतून ओळखतो का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. त्यांना दिसलं की ओळखतो. आपलं माणूस, आपलं घर, आपली भाषा समोर आली की हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर एका ठरावीक पद्धतीनं लांबतं, श्वास क्षणभर थांबतो, कातडीवरचा ओलावा बदलतो. भीतीचा, रागाचा, भुकेचा नमुना वेगळा आणि हा वेगळा. तोंडानं खोटं बोलता येतं, पण हे अंतर कुणाला ठरवून लांबवता येत नाही. करवाल्यांना आणखी काय पाहिजे. दोन-चार वर्षांत पट्टा करारांत आला. घालायची सक्ती नव्हती, पण नाही घातला तर दोन्ही देश पूर्ण कर घ्यायला मोकळे. म्हणून सगळे घालायला लागले. आमच्याकडं स्थळं बघताना सुद्धा "मुलाची ओढ चाळिसाच्या आत आहे" असं कौतुकानं सांगायला लागले. बाहेरची कमाई बाहेरच राहील, असा त्याचा अर्थ.

त्रिशलानं इनेस नावाच्या मैत्रिणीबरोबर समुद्राच्या लाटांवर वीज करणारे तराफे बनवायची कंपनी काढली होती. चव्वेचाळीस माणसं कामाला. कंपनीचा भाव वाढला होता, पण कागदावर. हातात पैसा नव्हता. आमच्याकडं नव्या कायद्यानं रहिवाशाच्या परदेशी शेअरांच्या कागदी वाढीवरही दरवर्षी कर होता. पोर्तुगालमध्ये कर होता तो शेअर विकल्यावर. एका देशात भरलेल्या कराची वजावट दुसऱ्या देशात मिळते हे खरं, पण दोन्ही कर एकाच वर्षात यावे लागतात. एक आज आणि एक चार वर्षांनी आला तर वजावट कुणी देत नाही. म्हणजे पोरगी भारताची ठरली तर तिला न मिळालेल्या पैशावर इथं कर भरायचा, मिळाल्यावर पुन्हा तिथं भरायचा, आणि त्यासाठी आजच कंपनी मिळेल त्या भावाला फुंकून टाकायची. पुढच्या वर्षीचा आकडा पन्नासाच्या खाली आला पाहिजे होता. दुसरा मार्ग नव्हता.

आधी सोपं काम उरकलं. आमच्याकडं मुली लग्न झालं की भावाच्या नावानं हक्कसोडपत्र करून देतात, वडिलांच्या घरातला वाटा सोडतात. कुणी विचारत नाही, कुणी नाही म्हणत नाही, रजिस्टर ऑफिसात सही करून चहा पिऊन येतात. त्रिशलाला भाऊ नाही. तिनं पोर्टोहून मुखत्यारपत्र पाठवून हक्कसोडपत्र आईच्या नावानं केलं. खातं बंद केलं, विमा मोडला.

राजमती, म्हणजे माझी बायको, ऑफिसातून बाहेर येताना म्हणाली, "आईला वाटा सोडणारी पहिलीच लेक असेल ही."

"कागदापुरतं आहे गं."

"कागदापुरतंच सगळं असतंय तुमच्याकडं," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

नवा आकडा आला सत्तावन्न. साडेनऊ गुण गेले, पण शंभराचं गणित पुन्हा बसवल्यावर उरलेल्यांचं वजन वाढलं. आमच्या धंद्यात एक नियम आहे, जिथं आकडा मोठा तिथं आधी हात घालायचा. मोठा आकडा एकच होता.

बंगळूरच्या एका क्लिनिकचं नाव मला दुसऱ्या एका सीएनं सांगितलं. तिथल्या बाईंनी मला पद्धत अर्ध्या तासात समजावली. मेंदू मुळात चिकट वाण्यासारखा असतो, म्हणाल्या, फुकट काही खर्च करत नाही. जो आवाज सारखा येतो आणि ज्यातून काही मिळत नाही, त्याच्याकडं तो लक्ष देणं सोडतो. घड्याळाची टिकटिक, पंख्याची घरघर. आईचा आवाजही तसाच करता येतो. तिनं काहीतरी रुक्ष, भावना नसलेलं तासन्‌तास वाचायचं, मुलीनं ते रोज चार तास कानात ठेवून इतर कामं करायची. त्याच वेळी कानाच्या पाळीला एक चिमटा लावायचा. तिथून एक मज्जातंतू थेट मेंदूपर्यंत जातो, त्याला बारीक विजेचे ठोके दिले की मेंदू नवी सवय लवकर शिकतो आणि शिकलेलं पक्कं धरतो. या काळात आईशी प्रत्यक्ष बोलणं मात्र पूर्ण बंद.

संमतीपत्र सतरा पानांचं होतं. मी ते माझ्या सवयीप्रमाणं हिरव्या शाईनं ओळ न्‌ ओळ तपासलं. अकराव्या पानावर लिहिलं होतं, "परिणाम स्थिर राहतो." त्यापुढं मी बरोबरची खूण केली. मला वाटलं, चांगलंच की. उद्या फेरतपासणी लागली तर आकडा हलायचा नाही. चौतीस वर्षं मी स्थिर या शब्दाचा एकच अर्थ वापरत आलोय, दुसरा मला सुचलाच नाही. त्रिशलानं विचारलं, "तुम्ही वाचलंय ना नीट?" मी हो म्हणालो आणि तिनं सही केली.

"आईला सांगू नका," ती म्हणाली. "तिला सहन व्हायचं नाही."

मलाही तेच पाहिजे होतं. सांगितलं असतं तर राजमती एका शब्दात नाही म्हणाली असती.

राजमती सत्तावीस वर्षं मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होती. पाचशे मुलींच्या प्रार्थनेपुढं ती माईक न घेता उभी राहायची आणि शेवटच्या ओळीतल्या मुलीला शब्द न्‌ शब्द कळायचा. मी तिला सांगितलं, अंध विद्यार्थ्यांना कायद्याचा अभ्यास करायचाय, प्राप्तिकराचा कायदा मराठीत कुणी वाचून देत नाही. ती लगेच तयार झाली. पैसे घेणार नाही म्हणाली, वर मलाच सुनावलं की हे काम दहा वर्षांपूर्वी का नाही सुचलं.

रोज सकाळी पूजा आटोपून, तोंडात खडीसाखरेचा खडा विरघळवून ती पुढच्या खोलीत रेकॉर्डिंगला बसायची. खिडक्या बंद, पंखा बंद, सांगलीच्या एप्रिलात. "पूर्वगामी तरतुदींच्या सर्वसाधारणतेस बाध न येता," ती वाचायची, आणि मला दारामागं उभं राहून ऐकताना वाटायचं की या वाक्यात इतकं काही आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.

"इतकं घोळून वाचू नकोस," मी एकदा म्हणालो. "सपाट वाच."

"सपाट कशाला? बिचारी पोरं झोपतील की ऐकता ऐकता."

"कायदा आहे. सपाटच पाहिजे."

ती सपाट वाचायला शिकली. दोन महिन्यांत दोनशे तास झाले. मी ते रोज दुपारी पोर्टोला पाठवायचो. एकदा तिनं विचारलं, "कुणी ऐकतं तरी का हो?"

"ऐकतात. रोज चार तास ऐकतात."

ती इतकी खूश झाली की संध्याकाळी दिवे लागायच्या आत जेवायला शिरा केला. त्रिशलाबद्दल तिला सांगितलं होतं की समुद्रात काम चालू आहे, फोन लागत नाही, फक्त लिहून पाठवता येतं. ती रोज लिहायची. उत्तरं बहुतेक मीच सुचवायचो.

सहाव्या आठवड्यात आकडा त्रेपन्न झाला, दहाव्यात अठ्ठेचाळीस. त्या दिवशी त्रिशलाचा माझ्या ऑफिसात फोन आला. ती खाली कुठं तरी बंदरावर उभी होती, मागं वारा होता.

"आप्पा, पन्नासाच्या खाली आलं. थांबूया का आता?"

"अठ्ठेचाळीस म्हणजे काठावर पास. फेरतपासणीत तीन गुण इकडं तिकडं झाले तर काय करशील?"

"काल मी मुद्दाम तिचा जुना निरोप लावला. दिवाळीतला. त्यात ती मला तिशे म्हणून हाक मारते. काही झालं नाही आप्पा. मला भीती वाटली, पण ती सुद्धा डोक्यात वाटली. अंगात नाही."

"मग पद्धत चालतेय म्हणायची."

"तुम्हाला तसं वाटतंय?"

"चव्वेचाळीस घरं आहेत तुझ्यावर. आणखी सहा आठवडे. एकदा वर्ष निघू दे, मग महिनाभर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोप."

ती म्हणाली, "बरं." लहानपणी औषध पिताना म्हणायची तसंच. त्या वेळी मी थांब म्हणालो असतो तर आज ही गोष्ट लिहायला बसलो नसतो. मला सुरक्षित आकडा पाहिजे होता. सुरक्षिततेचं व्यसन दारूपेक्षा वाईट, कारण त्याला लोक शहाणपण म्हणतात.

वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र आलं. ओढ, सव्वीस. आईचा आवाज, शून्य. बापट बाल शाळेसमोरच्या हलवायाकडून मी पेढे आणले आणि ऑफिसात वाटले. राजमतीला सांगितलं, त्रिशलाचं काम झालं. खोटं नव्हतं ते. पुढच्या वसंतात एका मोठ्या उद्योगानं सगळ्या माणसांसकट कंपनी योग्य भावात घेतली, कर एकदाच आणि एकाच देशात भरला गेला. माझ्या हातून झालेलं हे सगळ्यात सफाईचं काम. तशी फाइल मी आयुष्यात दुसरी केली नाही.

तोवर मायलेकींचं लिहूनच चाललं होतं. त्रिशला भाद्रपदात आली, दशलक्षण पर्वात. आमच्याकडं ते दहा दिवस उपासाचे, बस्तीत जाण्याचे. तिनं पट्टा काढून टाकला होता. आता त्याची गरज नव्हती. दारात राजमतीनं तिला मिठीत घेतलं, दोघी रडल्या, आणि मी मनात म्हणालो, बघ, काही बिघडलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिशला पुढच्या सोप्यात वर्तमानपत्र वाचत बसली होती. आतून राजमतीनं हाक मारली, "तिशे, आंघोळीचं पाणी काढलंय."

त्रिशलानं पान उलटलं.

"तिशे, अगं पाणी निवतंय."

तिनं मान वर केली नाही. शेजारच्या बंगल्यात कुणाचं तरी भांडं पडलं, तेव्हा मात्र दचकून तिकडं बघितलं. राजमती बाहेर आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा तिनं हसून विचारलं, "काय गं आई?"

असं चार दिवस चाललं. समोर बसून, तोंडाकडं बघत असली की तिला आईचं बोलणं कळायचं, तेही कपाळाला आठ्या घालून, दोनदोनदा विचारून. पाठ वळली की संपलं. माझी हाक तिला मागच्या अंगणातून ऐकू यायची. मी तिला एकटीला गाठून विचारलं.

"आवाज येतो आप्पा," ती म्हणाली. "नाही येत असं नाही. पंखा चालू असल्यासारखा येतो. आपण पंखा ऐकतो का? लक्ष देऊन ऐकला तर शब्द लागतात. पण ते आईचे नसतात. कुणीतरी कलम वाचतंय असं वाटतं."

मी बंगळूरला फोन केला. त्या बाई सौजन्यानं बोलल्या. साध्या सवयीनं बोथटलेलं मन विश्रांती मिळाली की पूर्ववत होतं, म्हणाल्या, पण चिमट्याच्या ठोक्यांनी पक्कं केलेलं तसं होत नाही. नव्यानं ओढ शिकवता येते का, यावर अजून संशोधन नाही; तशी मागणीच कुणी केलेली नाही. "अकराव्या पानावर आहे सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही खूणही केलीय तिथं."

इकडं राजमतीनं आपलं निदान करून टाकलं होतं. पोरगी वर्षभर समुद्रावर होती, वाऱ्यानं कान गेले. मिरज जवळ, आणि आमच्या भागात दुखणं म्हटलं की मिरज. तिनं मला न विचारता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

त्रिशलानं माझ्याकडं बघितलं. मी नजर चुकवली. आम्ही तिघं मिरजेला गेलो.

काचेच्या खोलीत त्रिशलाला बसवून कानाला यंत्र लावलं. बारीकातला बारीक आवाज आला की ती बोट वर करायची. राजमती काचेबाहेर उभी राहून प्रत्येक बोट मोजत होती. अर्ध्या तासानं डॉक्टरांनी आलेख पुढं ठेवला. तरुण, हसतमुख मनुष्य होता.

"कान ठणठणीत आहेत. या वयात इतके चांगले कान मी फार कमी बघतो."

"असं कसं होईल?" राजमती म्हणाली. "मी दहा हाका मारते तेव्हा एक पोचते."

"मावशी, आत्ता तिला मी कुजबुजून विचारलेलं कळलं."

"तुमचं कळलं असेल. माझं बघा." ती त्रिशलाच्या पाठीमागं गेली. वर्गात उभी राहायची तशी ताठ उभी राहिली आणि स्पष्ट, भरल्या आवाजात म्हणाली, "तिशे, माझ्याकडं बघ."

त्रिशला आलेखाकडं बघत होती. बाहेरच्या बाकावरची दोन माणसं वळून आत बघायला लागली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी एकदा आईकडं, एकदा मुलीकडं बघितलं आणि हळूच माझ्याकडं बघितलं.

"माझाच आवाज तेवढा ऐकू येईना झालाय तिला," राजमती म्हणाली. "असा काही आजार असतो का?"

घरी आल्यावर मी राजमतीला सांगितलं. सगळं, अडतीस गुणांपासून. ती जेवणाच्या टेबलाशी बसून ऐकत होती. मध्ये तिनं एकच गोष्ट विचारली.

"मग ती अंध मुलं?"

"नव्हती."

"एकही?"

"नाही."

ती उठली, पुढच्या खोलीत गेली आणि खिडक्या उघडल्या. पंखा लावला. मी दाराशी उभा होतो. मला रडू येत होतं आणि ते यायला मला उशीर झालाय हेही कळत होतं.

"मी सपाट वाचायला शिकले," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणून रात्री पडल्या पडल्या मनात म्हणून बघायचे. कुठंच आवाज चढू नये, कुठंच ओलावा येऊ नये. किती अवघड गेलं मला ते. आणि ते माझ्या पोरीच्या कानात घालत होतात तुम्ही."

"तिची कंपनी वाचली."

"हो. वाचली."

त्यानंतर ती घरात बोलायची थांबली नाही. मला वाटलं होतं थांबेल. ती त्रिशलाशी पूर्वीसारखीच बोलत राहिली. भाजी निवडताना, केस विंचरताना, पाठमोऱ्या पोरीशी. उत्तर आलं नाही की थोडं थांबायची आणि पुढचं बोलायची. मला ते ऐकवत नसे, म्हणून मी ऑफिसात जास्त बसायला लागलो.

पर्व संपलं आणि क्षमावलीचा दिवस आला. त्या दिवशी आम्ही एकमेकांची क्षमा मागतो. लहानानं मोठ्याची, मोठ्यानं लहानाची, शेजाऱ्याची, भांडलेल्या भावाची. उत्तम क्षमा म्हणायचं आणि समोरच्यानंही उत्तम क्षमा म्हणायचं. बस्तीतून आल्यावर घरी पंधरा-वीस माणसं येऊन गेली. राजमतीनं प्रत्येकाला हात जोडले. मग आम्ही तिघंच उरलो.

त्रिशला परवा परत जाणार होती. ती आईसमोर आली, वाकली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, उत्तम क्षमा. वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर मला क्षमा कर."

राजमतीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या केसांतून हात फिरवत ती बोलत राहिली. बरंच बोलली. "क्षमा कसली मागतेस, माझ्या लेकरा. तू काही केलं नाहीस. मीच वाचत बसले, माझ्याच तोंडानं मी तुला दूर लोटलं. तू झालीस तेव्हा रडेनास, तर नर्स म्हणाली, नाव घेऊन हाक मारा. नाव ठरलं नव्हतं, मी आपलं सुचलं ते म्हटलं, तिशे, आणि तू रडलीस. तुला माझा आवाज आला नाही तरी मी हाक मारायची थांबणार नाही. तू फक्त सुखी राहा."

ती थांबली. त्रिशला अजून वाकलेलीच होती. डोकं पायांवर असल्यानं तिला आईचं तोंड दिसत नव्हतं. ती वाट बघत होती. थोड्या वेळानं तिनं मान जरा वळवून माझ्याकडं बघितलं.

"आप्पा, आई काही म्हणाली का?"

मी म्हणालो, "हो. क्षमा केली म्हणाली."

राजमतीनं माझ्याकडं बघितलं. चौतीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, आणि आताही चढवला नाही. "सगळं सांगा तिला," ती म्हणाली. "मी बोलले ते सगळं. तुमच्या क्षमेचं नंतर बघू."

त्रिशला उठून बसली. मी खाली बसलो आणि सांगायला लागलो. मला शब्द आठवत होते. पाठ करणं हे माझं आयुष्यभराचं काम. माझ्या लेकरा, म्हणाली. माझ्याच तोंडानं तुला दूर लोटलं, म्हणाली. नर्सचं सांगितलं, नावाचं सांगितलं. एक वाक्य गाळलं नाही. त्रिशलानं सगळं ऐकलं, नीट ऐकलं. तिचे डोळे कोरडे होते, महत्त्वाचा निरोप ऐकताना असतात तसे एकाग्र.

माझं सांगून झालं तेव्हा ती आईकडं वळली, तिचा हात हातात घेतला आणि मला विचारलं, "आप्पा, हे म्हणताना तिचा आवाज कसा होता?"

राजमतीही माझ्याकडं बघायला लागली. दोघी थांबल्या होत्या. मी तोंड उघडलं, आणि मला काहीच सांगता येईना.